वाचकांचे प्रश्न : नेटवर्किंगची पहिली परीक्षा

या वेळच्या पत्रांमध्ये नेटवर्किंगच्या प्राथमिक प्रमाणपत्रांची तयारी करणाऱ्यांचे प्रश्न इतके आले, की सदर त्यांनाच देत आहोत. बहुतेकांनी सिस्कोची सीसीएनए किंवा कॉम्पटियाची नेटवर्क प्लस ही परीक्षा निवडलेली दिसते, त्यामुळे उत्तरंही त्या दोघींना धरून आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी कॉमर्सचा पदवीधर असून दीड वर्षापासून हेल्पडेस्कवर काम करतो. सीसीएनए करावी की आधी नेटवर्क प्लस? दोन्ही केल्या तर वेळ वाया जाईल का?

दोन्ही परीक्षा पहिल्या पायरीच्या म्हणवल्या जात असल्या तरी त्यांचा कल वेगळा आहे. नेटवर्क प्लस कुठल्याही एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेली नाही. जून २०२४ पासून तिची एन१०-००९ ही आवृत्ती चालू आहे. जास्तीत जास्त ९० प्रश्न, वेळ ९० मिनिटं आणि १०० ते ९०० या मापावर ७२० गुण मिळाले की पास. त्यात सर्वात जड भाग ट्रबलशूटिंगचा, २४ टक्के. त्याखालोखाल मूलभूत संकल्पना २३ टक्के. केबलचे प्रकार, कनेक्टर, वायरलेस, कागदपत्रं, बॅकअपचे नियम असं बरंच काही त्यात येतं, पण कमांड टाकून राउटर उभा करून दाखवा असं ती फारसं म्हणत नाही.

सीसीएनएचा नंबर २००-३०१, वेळ १२० मिनिटं. अभ्यासक्रमाची १.१ ही आवृत्ती ऑगस्ट २०२४ मध्ये आली. आयपी कनेक्टिव्हिटी म्हणजे राउटिंग २५ टक्के, नेटवर्कची मूलतत्त्वं आणि नेटवर्क अॅक्सेस म्हणजे मुख्यतः स्विचिंग प्रत्येकी २०, सुरक्षा १५, आयपी सेवा १० आणि ऑटोमेशन १०. इथे सिस्कोची कमांड लाइन हाताखालून गेलेली असावीच लागते. पास होण्यासाठी किती गुण हवेत हे सिस्को जाहीर करत नाही, त्यामुळे ‘इतके टक्के मिळाले की झालं’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर आखणी करू नका.

तुमच्याबद्दल बोलायचं तर हेल्पडेस्कवर दीड वर्ष काढलेल्या माणसाला आयपी अॅड्रेस, डीएचसीपी (अॅड्रेस आपोआप वाटणारी सेवा), डीएनएस (नावावरून अॅड्रेस शोधणारी सेवा) हे शब्द रोजचे असतात. पुढे नेटवर्कचंच काम करायचं असेल तर थेट सीसीएनए धरा. पुढे सुरक्षा, सर्व्हर किंवा क्लाउड यांपैकी कुठे वळायचं हे अजून ठरत नसेल तर नेटवर्क प्लस जास्त उपयोगी, कारण तिचा पाया रुंद आहे. दोन्ही पाठोपाठ करण्यात निम्म्याहून जास्त अभ्यास तोच तो होतो. दोन्ही प्रमाणपत्रं तीन वर्षांनी नूतनीकरणाला येतात, तेही हिशेबात धरा.

कुठलीही निवडा, पहिल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची यादी उतरवून घ्या. पुस्तक जुनं निघतं, व्हिडिओ जुने निघतात. यादी जुनी नसते. यादीतलं क्रियापद नीट वाचा. ‘समजावून सांगा’ आणि ‘कॉन्फिगर करून पडताळा’ यांत अभ्यासाचा मोठा फरक आहे. पहिल्यासाठी वाचन पुरतं, दुसऱ्यासाठी लॅबला पर्याय नाही.

प्रश्न : सबनेटिंग कळतं, पण एका प्रश्नाला तीन-चार मिनिटं जातात. बायनरी मांडून केलं तरच उत्तर बरोबर येतं. वेग कसा वाढवायचा?

सबनेटिंग म्हणजे एका नेटवर्कचे लहान भाग पाडणं. बायनरीने उत्तर बरोबर येतंय म्हणजे पाया पक्का आहे, आता ते मांडणं सोडायचं. नेटवर्क प्लसमध्ये सरासरी एका प्रश्नाला एकच मिनिट मिळतं, तिथे चार मिनिटं परवडत नाहीत.

पाठ करायची गोष्ट एकच : मास्कच्या (अॅड्रेसमधला नेटवर्कचा भाग कुठवर ते सांगणाऱ्या आकड्याच्या) ऑक्टेटमध्ये, म्हणजे ठिपक्यांनी पाडलेल्या चारपैकी एका भागात, येऊ शकणाऱ्या संख्या. १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५. शेवटच्या ऑक्टेटमध्ये त्या अनुक्रमे /२५ (म्हणजे पहिले २५ बिट नेटवर्कचे) पासून /३२ पर्यंत, तिसऱ्यात /१७ पासून /२४ पर्यंत. २५६ मधून ती संख्या वजा केली की ब्लॉक मिळतो, म्हणजे किती-किती अंतरावर नवं नेटवर्क सुरू होतं ते. बाकी सगळं पाढ्यांचं काम.

१९२.१६८.१०.७७/२७ घ्या. /२७ म्हणजे २२४, ब्लॉक ३२. नेटवर्क ०, ३२, ६४, ९६ वर सुरू होतात. ७७ हा ६४ आणि ९६ यांच्या मध्ये. म्हणून नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट (नेटवर्कमधल्या सगळ्यांना उद्देशून असलेला अॅड्रेस) पुढच्या नेटवर्कच्या एक अलीकडे म्हणजे ९५, वापरण्याजोगे अॅड्रेस ६५ ते ९४, एकूण ३०. एवढं पंधरा-वीस सेकंदांत व्हायला हवं.

खरी घसरण तिसऱ्या ऑक्टेटमध्ये होते. १७२.१६.४५.१०/२० मध्ये मास्क २५५.२५५.२४०.०, ब्लॉक १६, आणि तो तिसऱ्या ऑक्टेटमध्ये चालतो. ४५ हा ३२ आणि ४८ यांच्या मध्ये, म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.०. ब्रॉडकास्ट मात्र अनेक जण १७२.१६.३२.२५५ लिहितात. ते चूक आहे. पुढचं नेटवर्क ४८.० ला सुरू होतं, त्याच्या लगेच आधीचा अॅड्रेस १७२.१६.४७.२५५, तोच ब्रॉडकास्ट. यावरूनच एक आवडता सापळा रचला जातो : १७२.१६.३५.२५५/२० हा अॅड्रेस संगणकाला देता येईल का? येईल. शेवटी २५५ दिसला की ब्रॉडकास्ट आणि शून्य दिसला की नेटवर्क, ही सवय /२४ पेक्षा लहान आकड्याच्या मास्कमध्ये चालत नाही. ती मोडायला /२० ते /२३ मधली उदाहरणं मुद्दाम जास्त सोडवा.

वेगवेगळ्या आकारांचे सबनेट पाडायचे असतील तर मोठ्यापासून सुरुवात करा. १९२.१६८.५०.०/२४ मधून १००, ५०, २५ आणि २ होस्टची (जोडलेल्या उपकरणांची) चार नेटवर्क हवी आहेत. शंभरासाठी /२५, तो ० ते १२७. पन्नासासाठी /२६, १२८ ते १९१. पंचविसासाठी /२७, १९२ ते २२३. दोनसाठी /३०, २२४ ते २२७. लहानापासून सुरू केलं तर /३० हा ० ते ३ घेतो आणि मग /२७ ला ४ पासून सुरू करण्याचा मोह होतो. पण /२७ फक्त ३२ च्या पटीतच सुरू होऊ शकतो, म्हणून ४ ते ३१ ही जागा मोकळी पडते. परीक्षेतल्या चार पर्यायांपैकी एक हमखास असा चुकीच्या जागी सुरू झालेला असतो. तो पाहताक्षणी बाद करायचा.

आणखी एक, प्रश्नाच्या शब्दांबद्दल. ‘३० संगणक आणि राउटरचा एक इंटरफेस’ असं लिहिलं असेल तर गरज ३१ अॅड्रेसची आहे. /२७ मध्ये ३० च मिळतात, म्हणून /२६ लागतो. गणित बरोबर आणि उत्तर चूक, हा प्रकार बहुतेक वेळा इथेच घडतो.

सराव रोज दहा उदाहरणांचा, घड्याळ लावून. आठवड्यातून एकदा शंभर उदाहरणं करण्यापेक्षा याचा गुण लवकर येतो. कॅल्क्युलेटर फक्त उत्तर पडताळायला, तोही स्वतःचं उत्तर कागदावर लिहून झाल्यावर.

प्रश्न : पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सराव-सॉफ्टवेअरमध्ये एक राउटर, एक स्विच आणि दोन व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्क) अशी लॅब केली. व्हीलॅन १० मधला संगणक आपल्या गेटवेला (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरच्या अॅड्रेसला) पिंग करतो, २० मधला करत नाही. सगळं तीनदा पुसून नव्याने केलं, तरी तेच.

पुसू नका. बिघडलेली लॅब ही अभ्यासाची सर्वात चांगली सामग्री आहे आणि ती पुसली की शिकण्यासारखं सगळं तिच्याबरोबर जातं. शिवाय तीन वेळा तेच आलं याचा अर्थ तुम्ही तिन्ही वेळा तीच कमांड त्याच प्रकारे चुकवताय.

आधी काय चालतंय ते बघा. व्हीलॅन १० चा संगणक गेटवेपर्यंत पोहोचतो. म्हणजे राउटर आणि स्विचमधली केबल ठीक, राउटरचा मूळ इंटरफेस चालू, ट्रंकही (अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणारा दुवा) उभा. एवढ्या गोष्टी एका फटक्यात संशयातून सुटल्या. उरलं ते फक्त व्हीलॅन २० चं स्वतःचं, आणि ते चारच ठिकाणी असू शकतं.

संगणकापासून सुरू करा. अॅड्रेस, मास्क आणि गेटवे तिन्ही २० च्या नेटवर्कमधले आहेत का? कॉपी केलेल्या संगणकावर १० चा गेटवे राहून जातो.

मग स्विचवर ‘शो व्हीलॅन ब्रीफ’. व्हीलॅन २० यादीत आहे का आणि संगणकाचं पोर्ट त्याच्यासमोर आहे का? ते व्हीलॅन १ मध्येच बसलेलं आढळणं ही नेहमीची गोष्ट. याच यादीत ट्रंकचं पोर्ट दिसता कामा नये. दिसलं तर तो ट्रंक झालेलाच नाही.

तिसरं, ‘शो इंटरफेसेस ट्रंक’. इथे एकाखाली एक याद्या येतात : परवानगी असलेले व्हीलॅन, आणि त्यांपैकी प्रत्यक्ष अस्तित्वात असून सक्रिय असलेले. २० पहिल्या यादीत आहे पण दुसऱ्यात नाही, तर स्विचवर तो व्हीलॅन तयारच केलेला नाही. पहिल्या यादीतही नसेल तर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन’ ही कमांड तपासा. ती दुसऱ्यांदा दिली की आधीची यादी पुसून नवी लिहिते. जुन्यात भर घालायची तर मध्ये ‘अॅड’ हा शब्द लागतो. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या हातूनही तो राहतो आणि चालू नेटवर्कवर राहिला तर बाकीचे सगळे व्हीलॅन त्या दुव्यावरून एका क्षणात बंद पडतात.

चौथं, राउटरचा सबइंटरफेस, म्हणजे एका इंटरफेसचा त्या व्हीलॅनपुरता आभासी भाग. शेवटी .२० लिहिलं म्हणून तो व्हीलॅन २० चा होत नाही. तो आकडा निव्वळ आपल्या सोयीसाठी. व्हीलॅन ठरतो तो ‘एन्कॅप्स्युलेशन डॉट१क्यू २०’ या ओळीने. ही ओळ आयपी अॅड्रेसच्या आधी द्यावी लागते. आधी अॅड्रेस दिला तर राउटर तो नाकारतो आणि तक्रारीची लांबलचक ओळ दाखवतो. पटापट कमांड चिकटवणाऱ्याच्या ती नजरेतून सुटते. पुढे एन्कॅप्स्युलेशन बरोबर दिलं जातं, पण अॅड्रेस नसतोच. तुमचं वर्णन वाचून आमचा पहिला संशय इथेच आहे. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ मध्ये .२० समोर ‘अनअसाइन्ड’ दिसतंय का ते बघा.

दुरुस्ती झाल्यावर १० मधून २० मधल्या संगणकाला पिंग करा. पहिलं उत्तर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आणि पुढची तीन व्यवस्थित, असं आलं तर घाबरू नका. पलीकडच्या संगणकाचा मॅक अॅड्रेस (हार्डवेअरचा क्रमांक) राउटरला अजून माहीत नसतो, तो एआरपीने विचारेपर्यंत पहिलं पॅकेट पडतं. लगेच पुन्हा पिंग करा, चारही येतील.

आणि यापुढच्या प्रत्येक लॅबसाठी एक पद्धत लावून घ्या. ‘शो’ कमांड टाकण्याआधी काय दिसणार ते वहीत लिहायचं, मगच एंटर दाबायचं. अंदाज आणि पडदा जुळला नाही, की नेमकं काय कच्चं आहे ते तिथल्या तिथे कळतं. परीक्षेतही हेच विचारतात : कमांडचा निकाल समोर ठेवतात आणि पुढे काय होईल ते सांगा म्हणतात.

प्रश्न : ओएसपीएफचा अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स ११० आणि स्टॅटिकचा १, मग स्टॅटिक मार्ग नेहमीच जिंकायला हवा. सराव प्रश्नात उत्तर ओएसपीएफ दिलं आहे. छपाईची चूक आहे का?

चूक नसावी. ओएसपीएफ हा राउटरांनी आपसात मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल, स्टॅटिक म्हणजे हाताने लिहिलेला मार्ग, आणि अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स म्हणजे मार्ग कळवणाऱ्यावरचा विश्वास, आकडा कमी तितका जास्त. राउटर दोन वेगळ्या वेळी दोन वेगळे निर्णय घेतो आणि ते एकात मिसळले की हा गोंधळ होतो.

पहिला निर्णय : राउटिंग टेबलमध्ये काय लिहायचं. एकच प्रीफिक्स, म्हणजे तेच नेटवर्क आणि तीच मास्कची लांबी, दोन ठिकाणांहून कळलं तरच डिस्टन्सची तुलना होते. जोडलेलं नेटवर्क ०, स्टॅटिक १, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, आरआयपी १२०. कमी आकड्याचा मार्ग आत येतो. मेट्रिक (मार्गाचा खर्च) त्यानंतर, तेही एकाच प्रोटोकॉलच्या दोन मार्गांमध्ये.

दुसरा निर्णय : पॅकेट आल्यावर टेबलमधली कुठली ओळ वापरायची. इथे डिस्टन्सला कुणी विचारत नाही. जुळणाऱ्या ओळींपैकी ज्या प्रीफिक्सची लांबी जास्त, ती ओळ.

टेबलमध्ये ओएसपीएफकडून १०.१.१.०/२६, स्टॅटिक १०.१.१.०/२४ आणि डीफॉल्ट मार्ग आहे असं धरा. /२६ आणि /२४ हे वेगळे प्रीफिक्स, म्हणून दोघे सुखाने एकत्र नांदतात. १०.१.१.५० साठीचं पॅकेट ० ते ६३ मध्ये बसतं, ते ओएसपीएफच्या मार्गाने जाईल. १०.१.१.७० साठीचं /२६ मध्ये बसत नाही, ते स्टॅटिकने. १०.१.२.५ या दोन्हींत नाही, ते डीफॉल्टने. तुमच्या प्रश्नातल्या टेबलमध्ये मास्कच्या लांब्या पुन्हा बघा, ओएसपीएफची जास्त असणार.

याला जोडूनच फ्लोटिंग स्टॅटिक. ओएसपीएफला पर्याय म्हणून त्याच प्रीफिक्सचा स्टॅटिक मार्ग डिस्टन्स २०० देऊन लिहिला, तर ओएसपीएफ चालू असेपर्यंत तो ‘शो आयपी राउट’ मध्ये दिसत नाही. कमांड लागली नाही असं समजून लोक ती पुनःपुन्हा देतात. ‘शो रनिंग-कॉन्फिग’ मध्ये ती जागच्या जागी असते. ओएसपीएफचा दुवा बंद करून बघा, मार्ग वर येईल.

प्रश्न : पोर्ट नंबर लक्षात राहत नाहीत. काही युक्ती?

पोर्ट नंबर म्हणजे संगणकावरची कुठली सेवा हवी ते सांगणारा आकडा. त्यांच्या जोड्या लावा. टेलनेट २३ आणि त्याची सुरक्षित जागा घेणारा एसएसएच २२. एचटीटीपी ८० आणि एचटीटीपीएस ४४३. एलडॅप ३८९, एलडॅप्स ६३६. डीएचसीपीचा सर्व्हर ६७ वर, क्लायंट ६८ वर. एसएनएमपीत उपकरणाला विचारायचं ते १६१ वर, उपकरण आपणहून ट्रॅप पाठवतं ते १६२ वर. एफटीपी २० आणि २१, पण टीएफटीपी ६९, आणि तो यूडीपीवर (पॅकेट पोहोचलं का ते न तपासणारी पद्धत, टीसीपी तपासते). उरलेल्यांत एसएमटीपी २५, एनटीपी १२३, एसएमबी ४४५, सिसलॉग ५१४, आरडीपी ३३८९.

नंबरासोबत टीसीपी की यूडीपी हेही पाठ करा, प्रश्न तिथेही असतो. डीएनएस ५३ दोन्हींवर चालतो : नेहमीची विचारणा यूडीपीवर, झोन ट्रान्सफर टीसीपीवर.

नुसत्या यादीपेक्षा वायरशार्क हे पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर जास्त मदत करतं. स्वतःच्या संगणकावर ते चालू करा, फिल्टरमध्ये डीएचसीपी लिहा, विंडोज असेल तर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ द्या. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अॅकनॉलेज अशी चार पॅकेटं ओळीने दिसतील. डिस्कव्हरमध्ये उगमाचा अॅड्रेस ०.०.०.० आणि गंतव्य २५५.२५५.२५५.२५५ का आहे, याचं उत्तर स्वतः शोधलंत तर ६७-६८ कायमचे राहतील. त्याच उत्तरातून डीएचसीपी रिले (विनंती दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरकडे पोहोचवणारा) का लागतो तेही सुटतं, कारण राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही.

प्रश्न : चार राउटर एकाच स्विचला जोडून ओएसपीएफ लावलं. दोघांच्या मध्ये ‘फुल’ ऐवजी ‘टू-वे’ दिसतं आणि पुढे सरकत नाही. काय चुकलं?

काहीच नाही. अशा सामायिक नेटवर्कवर एक राउटर डीआर (सगळ्यांच्या वतीने माहिती वाटणारा) होतो, एक बीडीआर (त्याचा राखीव). बाकीचे फक्त या दोघांशी फुल होतात, म्हणजे माहितीची पूर्ण देवाणघेवाण करतात, आपसात टू-वेवरच, म्हणजे नुसत्या ओळखीवर, राहतात. चार राउटरांत असे दोघे उरतात, तुम्हाला दिसतायत ते तेच. मात्र सगळ्यांचा प्रायॉरिटी आकडा ० केला असेल तर डीआर कुणीच होणार नाही. मग सगळेच टू-वेवर अडकतात आणि मार्गही मिळत नाहीत.

खऱ्या बिघाडाची लक्षणं वेगळी. शेजारी यादीत मुळीच नसेल तर दोन्ही टोकांचा एरिया (ओएसपीएफमधला राउटरांचा गट), सबनेट मास्क, हॅलो आणि डेड टायमर आणि ऑथेंटिकेशन जुळतं का ते बघा. अशा नेटवर्कवर टायमर मुळात १० आणि ४० सेकंद असतात. इंटरफेस पॅसिव्ह केलेला नाही ना, आणि ‘नेटवर्क’ ओळीतला वाइल्डकार्ड (मास्कचा उलटा आकडा) बरोबर आहे ना, हेही बघा. /३० साठी तो ०.०.०.३, तिथे घाईत २५५.२५५.२५५.२५२ लिहिला जातो. ‘एक्सस्टार्ट’ वर अडकलं असेल तर पहिला संशय एमटीयूवर (पॅकेटच्या कमाल आकारावर), दोन टोकांना तो वेगळा असतो.

डीआर बदलायचा म्हणून प्रायॉरिटी वाढवलीत आणि काही झालं नाही, तरी ते योग्यच आहे. निवडून आलेला डीआर चालू असेपर्यंत जागा सोडत नाही. लॅबमध्ये ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’ देऊन निवडणूक पुन्हा घ्या.

प्रश्न : ‘परीक्षेत आलेले खरे प्रश्न’ म्हणून फायली मिळतात. सराव म्हणून बघायला हरकत आहे का?

आहे. परीक्षेआधी जो करार तुम्ही मान्य करता त्यात प्रश्न उघड करणं आणि तसे प्रश्न वापरणं या दोन्हींना मनाई असते. आढळलं तर निकाल रद्द होतो, पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते. शिवाय या फायलींतली उत्तरं सर्रास चुकीची असतात, आणि अभ्यास कच्चा असताना ती चूक ओळखता येत नाही. सरावासाठी अशी प्रश्नसंचं घ्या ज्यांत प्रत्येक पर्याय का चूक हे लिहिलेलं असतं. बरोबर उत्तराचं स्पष्टीकरण सगळेच देतात, बाकीच्या तिघांचं देणारा लेखक विषय जाणतो.

प्रश्न : सीसीएनएत नापास झाले. निकालपत्रात ऑटोमेशन ३० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी ५५, सुरक्षा ६०, बाकी ७५ च्या पुढे. साहजिकच ऑटोमेशनवर जोर द्यायचं ठरवलं आहे. बरोबर ना? आणि वेळही पुरला नाही.

ऑटोमेशनला पहिला क्रमांक देऊ नका. टक्के एकटे बघून चालत नाही, त्या भागाचं वजनही बघायचं. ऑटोमेशनचं वजन १०, त्यातले ७० टक्के गेले, म्हणजे शंभरातले ७. आयपी कनेक्टिव्हिटीचं वजन २५, त्यातले ४५ टक्के गेले, म्हणजे सव्वाअकरा. सुरक्षेचे १५ पैकी ६. प्रत्यक्ष गुण असे सरळ बेरजेने दिले जात नाहीत, पण अभ्यासाचा क्रम ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे. आधी राउटिंग, मग ऑटोमेशन, मग सुरक्षा. ऑटोमेशनचा भाग तसा आटोपशीर आहे : जेसन (माहिती मांडण्याची मजकुरी पद्धत) वाचता येणं, रेस्टची (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या पद्धतीची) क्रियापदं, कंट्रोलर असलेल्या आणि नसलेल्या नेटवर्कमधला फरक, अॅन्सिबल आणि टेराफॉर्म कशासाठी वापरतात. मन लावून बसलात तर आठवड्याभरात तो वर येईल. राउटिंगला त्याहून जास्त दिवस द्या आणि ते लॅबमध्येच द्या.

वेळेचं म्हणाल तर सीसीएनएत मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. त्यामुळे ‘नंतर बघू’ हा पर्यायच नाही. एका प्रश्नावर दोन मिनिटं गेली आणि दोन पर्याय उरले, तर त्यातला एक निवडून पुढे चला. लॅबचे प्रश्न मात्र घाईने सोडू नका, त्यांना जास्त वेळ लागतो हे धरूनच बाकीचे प्रश्न चटकन उरकायचे. लॅबमध्ये आधी सगळ्या सूचना वाचा, मग कमांड. जिथे कमांड पूर्ण आठवत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकून बघा, मदत उपलब्ध असेल तर तिथेच मिळते. सूचनेत कॉन्फिगरेशन जतन करा असं असेल तर ते करूनच पुढे जा. नेटवर्क प्लस देणाऱ्यांसाठी रीत उलटी : तिथे प्रश्नावर खूण करून मागे येता येतं. प्रत्यक्ष कृतीचे प्रश्न बहुतेक वेळा सुरुवातीलाच येतात. त्यांवर खूण करून बहुपर्यायी प्रश्न आधी संपवले तर शेवटी त्यांना निवांत वेळ मिळतो.

सीसीएनए पुन्हा देण्यासाठी किमान पाच दिवस थांबावं लागतं. कॉम्पटियाच्या परीक्षेत दुसऱ्या प्रयत्नाआधी थांबण्याची अट नाही, तिसऱ्याआधी १४ दिवसांची आहे. पण तुम्ही पाचव्या दिवसाची तारीख घेऊ नका. सबनेटिंग अर्ध्या मिनिटात सुटतंय, एकाच एरियाचं साधं ओएसपीएफ टिपणं न बघता उभं करता येतंय, आणि नवा सराव संच पहिल्याच वाचनात ८५ टक्क्यांच्या वर जातोय, या तिन्ही गोष्टी जमल्या की तारीख घ्या. तोच संच दुसऱ्यांदा सोडवून आलेले ९५ टक्के यात धरू नका.